आवृत्ती : कन्नड ग्रामीण

आमच्या घरात ‘आवृत्ती’ हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, कन्नड गावच्या एसटी स्टँडवर पेपरचे एजंट. पहाटे शहराकडून पेपरची गाडी यायची, गठ्ठे ओट्यावर धप्पकन पडायचे, आणि अण्णा विळ्याने सुतळी कापून पुरवण्या भरायला बसायचे. सुट्टीच्या दिवशी मीही जायची. पुरवणी आत सरकवताना होणारा तो सर्र आवाज, शाईचा ओलसर वास, शेजारच्या गाड्यावर पोह्यांची पडलेली फोडणी, हे सगळं मला पाठ्यपुस्तकांच्याही आधी पाठ झालं होतं. आवृत्त्या कशा असतात तेही तिथेच कळलं. लांबच्या गावांना जाणारा पेपर आधी छापून निघतो, कारण गाडीला वाट कापायची असते. शहराचा सगळ्यात शेवटी निघतो. त्यामुळे उशिरा संपलेल्या सामन्याचा निकाल शहरातल्या पेपरात असतो, आमच्या ‘ग्रामीण’मध्ये नसतो. आमच्यात मात्र कन्नडच्या बाजारातले भाव असतात, पिशोरच्या शाळेतला कार्यक्रम असतो, घाटात उलटलेला टेम्पो असतो. मथळा तोच, नाव तेच, पण आतली पानं वेगळी. हे ज्याला माहीत नाही असा माणूस जगात असेल, असं मला सतरा वर्षांची होईपर्यंत वाटलं नव्हतं.

आणि खेळांनाही आवृत्त्या असतात हे मला अजिबात माहीत नव्हतं. ज्या वर्षी शाळा बंद होऊन फोनवर भरायला लागली, त्या वर्षी अण्णांनी मोठ्या पडद्याचा फोन घेतला. सकाळी आठपर्यंत फोन गिऱ्हाइकांचा, नंतर माझ्या शाळेचा, आणि शाळा संपली की जेवणापर्यंत माझा. पुण्याच्या मामेबहिणीने वाढदिवसाची भेट म्हणून त्यात ठोकळ्यांचा तो खेळ घालून दिला. नाव सांगायची गरज नाही. ज्या घरात मूल आहे त्या घराला तो माहीत आहे. मातीचे, दगडाचे, लाकडाचे चौकोनी ठोकळे फोडायचे आणि रचायचे. जिंकणं नाही, हरणं नाही. मोकळं रान आणि आपण. माझ्या वर्गातल्या मुली त्यात बंगले बांधायच्या. मी ऊस लावला. त्याला कारण होतं. त्या खेळात उसापासून कागद होतो.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते पुरवण्या मोजायचे थांबले. आमचा दोन एकर ऊस कारखान्याला जातो, आणि आमचं पोट कागदावर चालतं. ह्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतील असं त्यांच्या कधी मनात आलं नसावं. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “मग त्या कागदावर छापता येतं का?” मी म्हटलं, छापता नाही येत, पण वही होते. “व्हय का,” म्हणाले, आणि पुन्हा मोजायला लागले. पण त्या दिवसापासून जेवताना विचारायचे की आज किती कागद निघाला.

मग मी कारखानाच बांधला. पाण्याच्या कडेने उसाची रांग. रांगेच्या मागे खत फेकणाऱ्या पेट्या. त्यांच्यावर दट्टे, म्हणजे पुढे सरकून ऊस तोडणारे ठोकळे. लाल भुकटीची तार सगळ्यांना जोडायची आणि एक खटका दाबायचा. पेटीने खत फेकलं की हिरव्या ठिणग्या उडायच्या आणि ऊस एका दमात पुरुषभर वाढायचा. दट्ट्या तो तोडायचा, पाणी वाहून नेऊन पेटीत टाकायचं. खत म्हणजे हाडांचा चुरा. आईला हे कळलं तेव्हा तिने फोन देवघराच्या फळीवर ठेवायचं बंद केलं. “खंडोबाचा फोटो हाय त्याच्यावर, अन् आत हाडं कुटती,” म्हणाली. अण्णा म्हणाले, “अगं, उसाला बोनमील घालतेत लोक, त्यात काय.” आईने फोनसाठी खिडकीत वेगळी जागा केली, आणि तो विषय तिथे मिटला.

बारावीनंतर मी शहरात आले, कम्प्युटर सायन्सला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नाही. त्यामुळे काय विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं. वसतिगृहात चौघींची खोली, माझ्याकडे बटणांचा एक छोटा फोन, आणि वर्गात सगळं इंग्रजी. प्रवेशाच्या दिवशी अण्णांशी एक ठराव झाला होता, तो मीच मांडला होता. दिवाळीपर्यंत बघायचं. नाही जमलं तर परत येऊन कन्नडलाच बी.ए. करायचं, पुढच्या वर्षीपासून. अण्णा फक्त “बरं” म्हणाले. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, आणि मी वर्गात एक वाक्यही बोलले नव्हते. हजेरीला ‘येस सर’ म्हणायची, तेवढाच आवाज. आता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसून हे लिहिताना मला ती मुलगी जरा हट्टी वाटते. कळत नाही हे सांगायला काय झालं होतं? पण तेव्हा तोंड उघडलं की कन्नडची बोली बाहेर पडेल अशी भीती होती.

शेजारच्या बाकावर सादिया बसायची. ती शहरातली, घर किराडपुऱ्याकडे. तिच्या डब्यात शुक्रवारी खिचडी आणि खट्टा असायचा, चिंच आणि तिळाचा, पातळ. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. एक दिवस तिने न विचारता माझी अर्धी भाकरी उचलली आणि खट्टा माझ्याकडे सरकवला. “तू बोलती कायकू नै गं?” एवढंच विचारलं. मी हसले. ती म्हणाली, “चल, खाती तरी है.”

दिवाळीच्या सुट्टीआधी विभागाचं प्रदर्शन असायचं. त्या वर्षी लॅबच्या सरांनी तो ठोकळ्यांचा खेळ दोन कम्प्युटरवर घातला होता. त्यात चालणारं यंत्र बांधून दाखवायचं, आणि त्यामागचा विचार समजावून सांगायचा. सरांनी विचारलं, हा खेळ कोणाला येतो? माझा हात वर गेला. तो कसा गेला हे मला आजही सांगता येणार नाही. सर म्हणाले, काय बांधशील? मी उभी राहून म्हटलं, उसाचा कारखाना, खटका दाबला की डोळ्यांदेखत ऊस वाढतो. मागच्या बाकावरचा अनिकेत, सिडकोतला, पाचवीपासून हा खेळ खेळणारा, म्हणाला की ऊस असा वाढत नाही. मी म्हटलं, “माझा वाढतो.” वर्ग हसला, पण वाईट नाही हसला. सरांनी सादिया, अनिकेत आणि मी असा गट केला आणि मला फॉर्म भरायला दिला.

फॉर्ममध्ये गटाचं नाव, विषय, आणि त्याखाली एक रकाना होता : एडिशन. मला वाटलं, प्रदर्शनाची बातमी देणार असतील, म्हणून कुठल्या पानावर द्यायची ते विचारलंय. गावाकडच्या मुलांच्या बातम्या गावाच्या पानावर येतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी सुबक अक्षरात लिहिलं : कन्नड ग्रामीण. अनिकेतने ते वाचलं आणि बाकावर डोकं टेकलं. खेळाची आवृत्ती विचारली होती. कम्प्युटरची एक असते आणि फोनची दुसरी, हे मला त्या क्षणी, सगळ्या वर्गासमोर कळलं. फॉर्म खोडायलाही वेळ मिळाला नाही, सरांनी गठ्ठा ऑफिसात पाठवून दिला. त्या दिवसापासून माझं नाव ‘ग्रामीण’ पडलं. “ए ग्रामीण, अटेंडन्स लागली का?” असं.

नाव पडल्याचं मला इतकं लागलं नाही. लागलं ते शनिवारी, लॅबमध्ये. मी तीन तास बसून कारखाना जसाच्या तसा बांधला. ठोकळे तेच, ऊस तोच, पाणी तसंच वाहत होतं. खटका दाबला. पेटी ‘टक्’ वाजली. ऊस जिथल्या तिथे. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. उघडून बघितलं तर पेटीतलं खत एक चिमूटभरही कमी झालेलं नव्हतं. अनिकेत मागे उभा होता. तो चिडवायला तोंड उघडेल असं वाटलं, पण तो हळूच म्हणाला, “ह्याच्यात उसाला खत लागू होत नाही. मी तेच म्हणत होतो.” सर आले, त्यांनीही दोनदा खटका दाबला. मंगळवारी दुपारपर्यंत चालतं दिसलं नाही तर यंत्र काढायचं आणि तक्ते लावायचे, असं सांगून गेले. तक्ते म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेला मजकूर. मी वर्गात बोललेलं एकच वाक्य खोटं ठरलं होतं. माझ्या हिशेबाने दिवाळी त्याच दिवशी येऊन गेली होती. त्याच संध्याकाळी कन्नडची एसटी पकडली. सोबत मोठी पिशवी घेतली होती, खोलीवर फारसे कपडे मागे ठेवले नव्हते.

आईने पिशवीकडे बघितलं. पिठलं केलं, माझ्या भाकरीवर तेल जास्त घातलं. सकाळी अण्णांबरोबर स्टँडवर गेले. पुरवण्या भरून होतायत तोवर उजाडलं, आणि देशमुख गुरुजी आले. गुरुजी निवृत्त शिक्षक, अण्णांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आणि सगळ्यात जुनी कटकट. आदल्या दिवशीचा सामना उशिरा संपला होता. गुरुजींनी शेवटचं पान उलटून पाहिलं आणि पेपर ओट्यावर आपटला.

“निकाल कुठंय? अर्धवट पेपर विकता का तुम्ही?”

“अर्धवट न्हाय गुरुजी, ग्रामीण हाय,” अण्णा सुतळी गुंडाळत म्हणाले. “शहराचा आणून देऊ का उद्यापासून? निकाल भेटंल. पण मग तुमच्या नातीचा नंबर आला चित्रकलेत, त्ये त्यात नसंल.”

“आलाय का आज?” गुरुजींचा आवाज बदलला.

“पान पाच.”

गुरुजी पान पाच काढून तिथेच बसले. अण्णांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी हे असं बोलणं लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. त्या सकाळी मात्र मला पुरवणी भरता भरता थांबावं लागलं. मी अण्णांना सगळं सांगितलं. फॉर्म, हसणं, टक् वाजणारी पेटी, तक्ते, मोठी पिशवी. अण्णांनी पिशवीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांना उसाचीच काळजी.

“खत त्येच?”

“तेच.”

“बेणं त्येच?”

“सगळं तेच, अण्णा. खेळ वेगळा आहे. कम्प्युटरची आवृत्ती वेगळी आहे.”

“मग जमीन बदलली म्हन की,” अण्णा म्हणाले. “जमीन बदलली तर ऊस बदलंल. त्यात तुझं काय चुकलं? दोन्ही पेपर शेजारी ठिव अन् दाखव लोकास्नी, ह्यात हे हाय अन् त्यात ते हाय. मी रोज दुसरं काय करतो?”

ते गुरुजींकडे हात करून बोलत होते, पण मला लॅबमधलं टेबल दिसत होतं. एका बाजूला कम्प्युटर, एका बाजूला फोन. अडचण एकच होती, कारखाना अण्णांच्या फोनमध्ये होता. मी मागायच्या आधीच त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. गिऱ्हाइकांचे नंबर एका जुन्या पुरवणीच्या कोऱ्या कडेवर उतरवून घ्यायला मला बसवलं. “आठवडाभर शेजारच्या पोहेवाल्याचा वापरतो,” म्हणाले. फोन नसल्याने त्यांच्या किती फेऱ्या वाढल्या असतील ते तेव्हा मला सुचलं नाही. आता सुचतं. मोठी पिशवी मी घरीच सोडली आणि दुपारच्या गाडीने निघाले. वेरूळ मागे पडेपर्यंत, काय काय तपासायचं याची वहीत तीन पानं भरली होती.

सोमवारी आणि मंगळवारी आम्ही तिघांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ठोकळ्या-ठोकळ्याने तपासल्या. अनिकेतला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. त्या खेळात तलवारही असते. कम्प्युटरमध्ये तिचा घाव घातला की हात भरून यावा तसं थोडं थांबावं लागतं. फोनमध्ये बोट जितकं पटापट आपटेल तितके घाव. कम्प्युटरमधला दट्ट्या कधी कधी, तार त्याला शिवलेली नसतानाही, वरच्या ठोकळ्यात वीज आहे एवढ्यावरच सरकतो. सादिया त्याला भूतवाला दट्ट्या म्हणायची. फोनमधला दट्ट्या असं काही करत नाही. फोनचं जग सादियाच्या भावाच्या टीव्हीवरच्या खेळालाही जोडता येतं, कम्प्युटरवरून खेळणाऱ्याला त्या जगात पाऊल टाकता येत नाही. उलट कम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी स्वतः कोड लिहून खेळात घातलेल्या इतक्या गोष्टी अनिकेतने दाखवल्या की मला वहीत नवं पान घ्यावं लागलं. भांडणंही झाली. अनिकेत म्हणाला, फोनवाला हा शेवटी सोपा करून दिलेला खेळ. सादिया म्हणाली, “सोपा? इसके बाप के फोन पे अंगठे से बांध के दिखा इतना.” त्याने प्रयत्न केला. पाण्याचा पाट तीनदा चुकला, तेव्हा फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, “ग्रामीण, मान गये.”

कम्प्युटरमध्ये मी नवा कारखाना बांधला. खताच्या पेट्या काढल्या. ऊस आपल्या वेळेने वाढायचा, तिसऱ्या कांड्याला पोचला की तिथे बसवलेला पहारेकरी ठोकळा ते ओळखायचा आणि दट्ट्याला खूण करायचा. वेळ लागायचा, पण खटक्याजवळ माणूस लागत नव्हता. सर मंगळवारी दुपारी आले. त्यांनी दोन्हींकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे, आणि तक्त्यांचं नाव काढलं नाही.

बुधवारी प्रदर्शनाला बाहेरून एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, केस पांढरे, आवाज मोठा. आमच्या टेबलापाशी थांबून त्यांनी फोनमधला ऊस हिरव्या ठिणग्यांत वाढताना पाहिला, कम्प्युटरमधला उभा ऊस पाहिला, आणि मराठीत विचारलं, “पण ह्यातला खरा कोणता?” अनिकेत तोंड उघडणार होता. सादियाने त्याच्या पायावर पाय दिला, हे मी पाहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असताना गप्प बसणं मला त्या क्षणी जास्त अवघड वाटलं.

“हा आधी आला,” मी कम्प्युटरवर हात ठेवून म्हटलं. मग फोन उचलला. “आणि हा आमच्यापर्यंत आला.”

मग मी बोलतच गेले. दट्ट्या, पहारेकरी, खत, सगळं. मध्ये एकदा ‘लई’ निघून गेलं, ‘इथं’ आणि ‘तिथं’ तर किती निघाले असतील. कोणी हसलं नाही. खरं तर मी बघितलंच नाही कोणी हसतंय का. बाई वीस मिनिटं थांबल्या आणि जाताना त्यांनी माझी वही चाळून पाहिली. नंबर दुसऱ्याच गटाला मिळाला, तेही इथे लिहिलं पाहिजे.

शुक्रवारी प्रदर्शनाची बातमी येणार असं ऐकलं होतं. सकाळी सादियाने ग्रंथालयातला शहराचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधला. काही नव्हतं. जिथे कॉलेजच्या बातम्या येतात तिथे एका क्लासची मोठी जाहिरात होती. आम्ही तिघं थोडे हिरमुसलो आणि वर्गात गेलो.

शनिवारी अण्णांचा फोन घेऊन मी घरी पोचले. आई दारातच होती, हाताला चकलीचं पीठ. आत खिडकीत, जिथे पूर्वी माझ्या खेळाचा फोन ठेवलेला असायचा, तिथे पेपरची एक घडी उभी करून ठेवली होती. पान पाच. आमच्या टेबलाचा फोटो, फोटोत माझी अर्धी वेणी आणि कम्प्युटरमधला ऊस, खाली माझं पूर्ण नाव आणि गाव. ऑफिसातल्या ज्या कारकुनाकडे फॉर्मचे गठ्ठे गेले होते, त्याला तो खेळ ठाऊक नव्हता. त्याने तो रकाना माझ्यासारखाच वाचला होता आणि बातमी नेमकी तिथेच पाठवली होती. पुढे एकदा मी त्याला भेटून आभार मानले तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. “लिहिलं होतं की फॉर्मवर,” म्हणाला.

अण्णांना बातमी शुक्रवारी पहाटे, पुरवण्या भरताना दिसली होती. पोहेवाल्याच्या फोनवरून मला कळवता आलं असतं, पण दुसऱ्याच्या फोनवरून आनंदाची गोष्ट सांगणं त्यांना जमत नाही. पहिला पेपर गुरुजींना दिला, पान पाच काढूनच. त्या दिवशी गुरुजींनी सामन्याचं विचारलं नाही म्हणे.

मी आल्यावर अण्णांनी फोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि आधी विचारलं की शहराच्या पेपरात त्या जागी काय आलं होतं. मी म्हटलं, क्लासची जाहिरात.

“म्हंजी ह्या टायमाला आपला पेपर पुढं निघाला,” म्हणाले, आणि गिऱ्हाइकांना फोन लावायला बाहेर गेले. ठरावाचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. कोपऱ्यात माझी मोठी पिशवी मी सोडली तशीच पडली होती. आईने पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती उचलली, झटकली, कपडे घडी करून पुन्हा आत भरले, आणि वरून चकल्यांचे दोन डबे ठेवले. एक माझा. दुसऱ्याच्या झाकणावर तिने माझ्याकडून नाव लिहून घेतलं : सादिया.